नदीच्या कडेकडेनं : तुमची वाट कोणती?

माझं घर कोथरूडला आणि नोकरी शिवाजीनगरला. म्हणजे मुठा रोज दोनदा ओलांडायची, गेली बावीस वर्षं. सुट्ट्या वजा केल्या तरी बारा हजार खेपा सहज भरतील. एवढं करून तिच्या काठानं सलग दोन किलोमीटर मी कधी चालले नव्हते. पुलावर मान वळवायची, पाणी किती आहे बघायचं, जलपर्णी दिसली की नाक मुरडायचं, पुढची गाडी हलली की निघायचं. नदी म्हणजे आडवी येणारी गोष्ट, रेल्वे फाटकासारखी.

तिच्या सोबतीनंही जाता येतं हे मला कळलं पन्नाशीत, आणि तेही डॅन्यूबच्या काठी. म्हणून हा धागा. नदीच्या कडेनं तुम्ही चालला असाल, सायकल हाणली असेल, तर लिहा. कालवा चालेल, खाडी चालेल, गावचा ओढाही चालेल. किती अंतर, किती वेगानं, हे कोणी विचारणार नाही. फक्त पुलावरून बघितलेली नदी नको. सुरुवात मीच करते.

धागाकर्ती, पुणे

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत साधारण सव्वातीनशे किलोमीटरची सायकलवाट आहे. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा 'युरोव्हेलो ६' नावाचा लांबलचक मार्ग आहे, त्यातलाच हा बराच लोकप्रिय तुकडा. आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझी धाकटी बहीण. सप्टेंबर महिना, भाड्याच्या सायकली, सात दिवस. सलग वीस किलोमीटरच्या वर सायकल तिघांपैकी कोणीच चालवलेली नव्हती. नवऱ्यानं तयारी म्हणून सोसायटीच्या जिममधली जागच्या जागी फिरणारी सायकल महिनाभर मारली. वारा कशाला म्हणतात हे त्या सायकलला माहीत नसतं.

पासाऊला तीन नद्या भेटतात. आल्प्समधून येणारी इन हिरवट दुधी, छोटी इल्झ काळपट, आणि या दोघींच्या मध्ये डॅन्यूब. संगमाच्या टोकावर उभं राहिलं की पाण्याचे पट्टे वेगळे दिसतात. पण माझ्या डोक्यात घर केलं ते तिथल्या नगरभवनाच्या भिंतीनं. तिच्यावर पुराच्या खुणा आहेत, प्रत्येकीशेजारी वर्ष. १५०१ ची आहे, १९५४ ची आहे, २०१३ ची आहे. जून २०१३ मध्ये तिथं पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. खूण बघायला मला मान मागे टाकावी लागली. पलीकडे लोक उन्हात कॉफी पीत बसले होते.

वाट सपाट आहे, कारण ती मुळात घोड्यांसाठी केलेली. इंजिनं येण्याआधी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा काठावरचे घोडे दोरानं ओढत. ती ओढवाट आता सायकलींना मिळाली आहे.

काठाला किलोमीटरच्या पाट्या आहेत. पहिल्याच दिवशी बहिणीनं विचारलं, "अगं, हे आकडे कमी का होत चाललेत?" डॅन्यूबचं अंतर उगमापासून मोजत नाहीत, मुखापासून मोजतात. काळ्या समुद्रावर सुलिनाला शून्य. पासाऊला आकडा २२०० च्या वर होता, व्हिएन्नात १९३० च्या आसपास. शेवटच्या दिवशी नवरा म्हणाला, "आठवडाभर मरमर केली आणि तीनशेच वजा झाले. समुद्राला आपली काही घाई नाही."

श्लोगेनला नदी कठीण खडकाला अडून जवळजवळ आल्या दिशेनं उलटी फिरते. तिथं उत्तर काठाची वाट कड्यापाशी संपते आणि एक छोटी होडी सायकलींसकट पुढे नेऊन सोडते. सायकली आडव्या रचायच्या आणि गप्प बसायचं. सात दिवसांतली माझी सगळ्यात आवडती वीस मिनिटं ती. त्यात मी पायडल एकदाही मारलं नाही, हे खरं.

जो भेटेल तो सांगत होता, पश्चिमेकडून पूर्वेला जा, वारा पाठीशी असतो. आम्हाला चौथ्या दिवशी लिंझ ओलांडल्यावर तो समोरून लागला. ताशी आठ किलोमीटर. एक सत्तरीच्या बाई आम्हाला मागे टाकून गेल्या, वर हात हलवून.

त्याच दुपारी माउटहाउझेन लागलं. नदीकाठचं गाव चित्रातलं. नाझींची छळछावणी वर टेकडीवर आहे. बाकी दोघं खाली थांबले, मी सायकल ढकलत चढले. १९३८ ते १९४५ या काळात या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे एक लाख नव्वद हजार माणसं डांबली गेली. त्यातली निदान नव्वद हजार जिवंत बाहेर आली नाहीत. ग्रॅनाइटच्या खाणीतून दगड पाठीवर घेऊन चढायच्या १८६ पायऱ्या तिथं आहेत. वरून सगळं खोरं दिसतं, कापणी झालेली शेतं दिसतात. कैद्यांनाही दिसत असणार. मी खाली आले तेव्हा नवऱ्यानं काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली. पुढचे पंधरा किलोमीटर तिघंही ओळीनं, अंतर ठेवून चालवत राहिलो.

मेल्कपासून क्रेम्सपर्यंत वाखाऊचं खोरं, द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. याबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी आवरतं घेते. जर्दाळूचा हंगाम जुलैचा, पण अख्खा जर्दाळू आत घालून उकडलेले गोळे मिळतात, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. बहिणीनं त्यांना ऑस्ट्रियन मोदक ठरवलं आणि दोन दिवसांत अकरा खाल्ले.

क्रेम्सच्या पुढे त्स्वेन्टेनडॉर्फचं अणुवीज केंद्र आहे. पूर्ण बांधून झालं, आणि नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात लोकांनी अगदी निसटत्या फरकानं नको म्हटलं. ते कधीच सुरू झालं नाही. मी तिथं बिस्किटं खात जरा जास्तच वेळ बसले.

जाणाऱ्यांसाठी : पॅडवाली चड्डी घ्या. लाजू नका. तिसऱ्या दिवशी बूड असहकार पुकारतं.

सांगलीकर, मेरीलँड

पोटोमॅक नदीच्या काठानं 'सी अँड ओ' कालव्याची वाट आहे, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल. मी सगळी एका दमात केलेली नाही. पाच वर्षांत तुकडे जोडत नेलेत, अजून चाळीसेक मैल बाकी. इथंही तीच गोष्ट. घोड्यांऐवजी खेचरं, आणि नदीऐवजी शेजारी खणलेल्या कालव्यातल्या नावा. १८२८ ला काम सुरू झालं, १८५० ला कंबरलँड गाठलं. पाणी चढवा-उतरवायला ७४ दरवाजेबंद टप्पे. १९२४ च्या पुरानं कालवा मोडला तो परत चालू झालाच नाही. पुढे त्याच जागेवर मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं, तेव्हा १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वर्तमानपत्रवाल्यांना जाहीर आव्हान दिलं की आधी माझ्याबरोबर ही वाट चाला, मग लिहा. ते कंबरलँडपासून सगळी चालले. १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. न्यायमूर्ती चालत निघाल्यामुळे रस्ता रद्द होतो, हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याकडं चालले असते तर रस्ता रुंद झाला असता, बंदोबस्तासाठी."

बाबांचंच सांगायचं होतं. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय एकाहत्तर. अमेरिकेत त्यांना काहीच बघायचं नव्हतं. मॉल नको, संग्रहालय नको. दिवसभर खिडकीपाशी. एका शनिवारी जबरदस्तीनं हार्पर्स फेरीला नेलं. तिथं शेनांडोआ नदी पोटोमॅकला मिळते. कालव्याच्या वाटेवरून रेल्वेपुलाच्या कडेच्या पादचारी पुलानं गावात जाता येतं. गावात एका जुन्या इमारतीच्या कोपऱ्याला पुराच्या पाट्या लावल्यात. सगळ्यात वर १९३६, साडेछत्तीस फूट.

बाबा पाट्यांसमोर उभे राहिले. चष्मा पुसला. मग म्हणाले, "छत्तीसच?"

मी म्हटलं, "बाबा, हे घर बुडालं होतं."

"आयर्विनला सत्तावन्न झालं होतं की. एकोणीस साली."

बाहेरच्यांसाठी : सांगलीत कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. पावसाळ्यात सगळ्या गावाची नजर त्याच्या पाणीपातळीवर असते. पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती आणि आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्याला पाणी होतं.

त्या दिवसापासून बाबा बदलले. दर शनिवारी तेच विचारायचे, "आज किती मैल?" सायकल त्यांनी चाळीस वर्षांनी हातात घेतली. मैलाच्या खुणा मोजायच्या, प्रत्येक बंद दरवाजापाशी उतरायचं, लाकूड हातानं चाचपायचं, पाणी कुठून आत येत असेल ते मला समजवायचं. मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हा त्यांच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आता विचारायचीही गरज नव्हती.

पॉ पॉ बोगद्यातही गेलो. तीन हजार एकशे अठरा फूट लांब, आत मिट्ट काळोख, एका बाजूला लाकडी कठडा आणि पलीकडे पाणी. सायकल हातात धरून चालायचं. मधोमध बाबांनी टॉर्च विझवायला लावला. म्हणाले, "ऐक. ठिबकतंय ते विटांतून नाही, सांध्यातून." मला तेव्हा भीती वाटत होती, त्यांना मजा येत होती.

उधाण, पूर्वी किंग्स्टन, आता ठाणे

१८४.५ मैल वाचून चमकले. थेम्सचा राष्ट्रीय पायमार्गही १८४ मैलांचाच! कॉट्सवोल्ड्समधल्या उगमापासून लंडनमधल्या पूरदरवाजांपर्यंत, १९९६ मध्ये खुला झाला. मी त्यातला किंग्स्टन ते पट्नी एवढाच नीट ओळखते. हा मुळात चालणाऱ्यांचा मार्ग आहे, सायकल काही तुकड्यांतच चालते, तेवढं बघून जा.

माझा अनुभव फजितीचा. टेडिंग्टनच्या बंधाऱ्याच्या खाली थेम्सला भरती-ओहोटी असते. हे मला ठाऊक होतं, म्हणजे वाचलेलं होतं. एका रविवारी रिचमंडला नदीकाठच्या कठड्याला सायकल साखळीनं बांधली आणि मैत्रिणीबरोबर टेकडीवर गेले. दोन-अडीच तासांनी खाली आले तर रस्ता नाही. नदी रस्त्यावर. बाकांच्या पाठी तेवढ्या वर, दोन हंस माझ्या सायकलच्या हँडलपाशी निवांत फिरतायत. काठावरच्या पबमधले लोक ग्लास हातात घेऊन बघत होते. ही त्यांची ठरलेली करमणूक असावी. एकानं विचारलं, "तुमची का?" मी नाही म्हटलं.

खरी शरम पुढे आहे. मी मालवणची. आमची आजी पंचांग न बघता सांगायची, आज पुनव, उधाणाची भरती, होडी वर ओढा. त्या रविवारी पौर्णिमा होऊन एकच दिवस झाला होता. रात्री आईला फोनवर सांगितलं तर आई हसून हसून म्हणाली, "लंडनाक जावन तिथी इसारलंस?"

सायकलची साखळी गंजली. घंटी मात्र अजून चालते, आता ठाण्यात.

नकाशेवाला, नागपूर

अनुभव नाही, एक शंका. वरच्या तिन्ही वाटा नावा ओढण्यासाठी झालेल्या दिसतात. आपल्या दख्खनच्या नद्यांवर तशी वाहतूक झालीच नाही. आठ महिने पात्रात खडक, चार महिने पूर. मग काठानं जाणारी वाट कोण कशाला करेल? आपण घाट बांधले. घाट नदीत उतरतो, नदीबरोबर जात नाही. वाईला बघा, नाशिकला बघा, महेश्वरला बघा. पाण्यापर्यंत जायचं, अंघोळ, धुणं, दिवा, दशक्रिया, आणि आल्या पायऱ्यांनी परत. त्यामुळे धागाकर्तीनं बावीस वर्षं नदी ओलांडली यात तिचा दोष नाही.

पाऊलखुणा, नाशिक

नकाशेवाले, थांबा जरा. नर्मदा परिक्रमा विसरलात? नदीला उजव्या हाताला ठेवून, न ओलांडता, उगमापासून समुद्रापर्यंत आणि परत. १३१२ किलोमीटरची नदी, दोन्ही काठ धरले तर किती ते तुम्हीच मोजा. नावा ओढायला नाही, पण वाट आहे, आणि शेकडो वर्षं पायांनीच राखलेली आहे.

मी पूर्ण केलेली नाही, माझे गुडघे तेवढे भाग्यवान नाहीत. मी केली ती उत्तरवाहिनी. गुजरातमध्ये तिलकवाडा आणि रामपुऱ्याच्या दरम्यान नर्मदा काही अंतर उत्तरेकडे वाहते. चैत्रात तेवढ्याच भागाची परिक्रमा करतात, सगळी मिळून एकवीसेक किलोमीटर, एका दिवसात होते. इथं मात्र दोनदा नदी ओलांडावी लागते.

आम्ही सात बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या. पहाटे साडेतीनला निघालो कारण दहानंतर ऊन अंगावर येतं. अंधारात पुढच्याच्या पाठीवरची पिशवी बघत चालायचं. नदी दिसत नव्हती, उजवीकडून गार हवा येत होती तेवढ्यावरून ती आहे हे कळत होतं. उजाडलं तेव्हा केळीच्या बागांच्या बांधावर होतो. समोरून कोणी आलं की "नर्मदे हर", मागून कोणी गाठलं की "नर्मदे हर". आमच्यातली एक शाळेत मुख्याध्यापिका होती, तिला आयुष्यभर सगळे मॅडम म्हणत आले. तिथं एक आठ वर्षांचा पोरगा ताकाचा पेला पुढे करून म्हणाला, "मैया, छाछ." ती पेला घेऊन बांधावरच बसली.

नावेच्या रांगेत मात्र दीड तास गेला. वरच्या अंगाला सरदार सरोवर आहे, पाणी सोडलं की पातळी बदलते आणि नावाडी थांबवतात. एक बाई वैतागून म्हणाल्या, मैयाच्या मनात काय आहे कोण जाणे. शेजारचे नावाडी म्हणाले, "मैयाच्या नाही, वीजघराच्या मनात." सगळे हसले.

चपला मी अर्ध्या वाटेत काढल्या. श्रद्धेनं नाही, अंगठा तुटला होता.

धागाकर्ती

काकू, तुम्ही पूर्वी साताऱ्याला शिकवत होतात का? लिहिण्याची ढब ओळखीची वाटते. नसाल तर माफ करा. नकाशेवाल्यांचा मुद्दा मात्र मला पटला आणि तुमचाही पटला, आता काय करू?

पाऊलखुणा, नाशिक

नाही गं, मी पोस्टात होते. चालायला सुरुवात निवृत्तीनंतर.

नवापूल, अहमदाबाद

काकूंच्या नर्मदेचं पाणी आमच्या साबरमतीत आहे! कालव्यानं आणून सोडलेलं. दोन्ही काठांना अकरा-साडेअकरा किलोमीटरचा पाण्यालगतचा फरसबंद रस्ता, वाहनं नाहीत. सकाळी सहाला सायकल चालवायला उत्तम, एक खड्डा नाही. मी रोज जातो. पण खरं सांगायचं तर नदीकाठी आहे असं वाटायला मला डोकं चालवावं लागतं. माती नाही, वाळू नाही, वास नाही. सावलीही फारशी नाही, मेमध्ये सात वाजता फरशी तापते. व्यायाम छान होतो.

भरतीओहोटी, रायबंदर

रायबंदरहून फेरीबोटीत सायकल घालायची, चालत येणाऱ्याला पैसे लागत नाहीत, आणि पाच-सात मिनिटांत दिवाड बेटावर. मांडवीच्या मधलं बेट. पणजीहून येणार असाल तर आधी पणजी-रायबंदर बांध लागतो, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीनेक किलोमीटरचा. त्याच्यावर आता गाड्या फार, तो पहाटे उरका.

दिवाडला सपाट रस्ता आहे, पण मी सांगतोय ते बांधांबद्दल. खाजन शेतीचे बांध. खारं पाणी बाहेर ठेवायला मातीचे घातलेले, वर जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला भाताची खाचरं. ठिकठिकाणी 'मानस' असते, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात. वीज नाही, कुलूप नाही. मी लहानपणी तासन्‌तास तिथं बसायचो, दार मिटतं तो नेमका क्षण पकडायला. एकदाही सापडला नाही. बघतो बघतो म्हणता मिटलेलं असायचं.

आता बऱ्याच ठिकाणी बांध फुटलेत. खाचरांत खारं पाणी घुसलं, कोरगूट भात पेरणारे कमी झाले, कांदळवन वाढलं. पक्षी बघणाऱ्यांना बरं, माझ्या काकाला नाही. सायकल बांधावर न्यायची नाही, माती ढासळते. खाली ठेवा, चाला. आणि सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की आधी पोई (आमचा गोव्याचा पाव) घ्या, मग चाला.

वर कोणी म्हटलं की काठ धरून गेलं की नदी सोबत येते. आमच्याकडे सहा तास येते, सहा तास परत जाते.

मधली आळी, पुणे

वय बहात्तर. रोज पहाटे साडेपाचला नारायण पेठेतून निघून ओंकारेश्वराकडून नदीपात्रात उतरतो आणि म्हात्रे पुलाच्या अंगानं जाऊन परत येतो. गेली एकोणीस वर्षं. धागाकर्तीबाई, तुम्ही पुलावरून बघता तेव्हा खाली मीच असतो.

पाण्याचा वास येतो, हे पहिलंच मान्य करून टाकतो, म्हणजे कोणी पुन्हा सांगायला नको. तरी खंड्या आहे, वंचक आहे, शेकाट्या लांब पायांनी गाळात फिरत असतो. हिवाळ्यात धोबी येतो, शेपटी हलवत. माझी नात म्हणते, आजोबा, घाण पाण्यात पक्षी कसे? मी म्हणतो, त्यांना विचार, पुण्यात जागेचे भाव बघून बसलेत.

पानशेत फुटलं तेव्हा मी दुसरीत होतो. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी शाळेतून परत पाठवलं. आईनं आम्हा तिघांना घेऊन पर्वतीची वाट धरली, वडील ओटीवरच्या वस्तू माळ्यावर टाकत राहिले, मग तेही आले. संध्याकाळी परतलो तर वाडा उभा होता, पण माजघराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर ओली रेघ. खालचं सगळं चिखल. शेजारची भिंत पडली होती आणि त्यांची शिवणयंत्राची पेटी आमच्या परसात आली होती. पुढचे कित्येक दिवस नळाला पाणी नाही, कारण खडकवासलाही फुटलेलं. पुरानं गाव धुऊन नेलं आणि प्यायला पाणी नाही. जुन्या विहिरी आणि हौद परत उघडले.

वडिलांनी नंतर वाड्याला रंग दिला तेव्हा ती रेघ तेवढी ठेवली. वर तारीख लिहिली, निळ्या ऑइलपेंटनं. १९९८ ला वाडा पाडून इमारत झाली. मी बिल्डरला म्हटलं, जिन्यात त्याच उंचीवर एक पट्टी रंगवून द्या. तो म्हणाला, काका, फ्लॅट विकायचेत.

पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि बघायला अर्धं पुणं दुचाक्या लावून कठड्याला टेकतं. तेव्हा मला फिरायला वरचा रस्ता घ्यावा लागतो. परवा कट्ट्यावर नदीकाठाच्या सुधारणेवरून जोरदार वाद झाला. एक गट म्हणतो व्हायलाच हवी, एक म्हणतो पात्र अरुंद होईल. मी विचारलं, तुमच्यापैकी आज सकाळी खाली कोण उतरलं होतं? सगळे चहा मागवू लागले.

बाई, उतरायचं असेल तर ओंकारेश्वरापाशी या. जुने बूट घाला.

धागाकर्ती

काका, रविवारी येते. बहीणही येतेय. साडेपाच म्हणजे साडेपाच का? (पुण्यातच राहते, तरी विचारून ठेवते.)

मधली आळी, पुणे

पाच वीस.

सांगलीकर, मेरीलँड

सगळा धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. पेठेतल्या काकांच्या निळ्या रेघेपाशी त्यांनी थांबवलं आणि ते परत वाच म्हणाले. ताकाच्या पेल्याशी आई रडली. उधाणताईंच्या सायकलला दोघंही हसले.

मग बाबांनी विचारलं, ते पासाऊचं काय म्हणालास, बारा पॉइंट एकोणनव्वद मीटर, म्हणजे फुटात किती? मी म्हटलं, बेचाळीसच्या वर. पण बाबा, प्रत्येक ठिकाणचं शून्य वेगळं असतं, अशी तुलना होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

"ते माहीत आहे रे," म्हणाले. "तरीपण, आयर्विनच पुढं."